जहाल आणि सौम्य: मराठवाड्यातील भट्टीचा इतिहास

गाळलेली दारू जहाल का लागते आणि सौम्य कशाने होते, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. भट्टीवाला धारेतला कोणता भाग टाकून देतो, वाफ कोणत्या धातूला लागून आणि किती वेळा जाते, आणि गाळलेली दारू पिण्याआधी किती काळ ठेवली जाते. तिन्ही गोष्टींना पैसा लागतो. टाकलेली धार विकता येत नाही, दुसऱ्यांदा गाळायला सरपण आणि पाणी पुन्हा लागते, आणि साठवून ठेवलेल्या मालात भांडवल अडकून पडते. म्हणून दारूच्या चवीचा इतिहास हा बराचसा तिच्यावर बसवलेल्या कराचा इतिहास ठरतो. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात तो फार स्पष्टपणे वाचता येतो, कारण येथे शंभर-सव्वाशे वर्षांत भट्टीने निजामाची आबकारी, मुंबई राज्याची दारूबंदी, साखर कारखान्यांची मळी आणि ज्वारीचे मद्यार्क धोरण अशी चारही वळणे पाहिली.

शिरूर अनंतपाळ हे घरणी-मांजरेच्या खोऱ्यातले, काळ्या जमिनीचे आणि ज्वारी-हरभऱ्याचे गाव. आज तो लातूर जिल्ह्यातला स्वतंत्र तालुका आहे; पूर्वी हे गाव निलंगा तालुक्यात होते. निजामी राजवटीत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबादला जोडले गेले आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाल्यावर लातूरमध्ये आले. नांदेडच्या बाजूला किनवटचा जंगलपट्टा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. दारूच्या इतिहासासाठी पठार आणि जंगल यांच्यातली ही सरहद्द महत्त्वाची आहे. लातूरच्या पठारावर ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांतून निघणारी, नुसती आंबलेली शिंदी हे सर्वसामान्यांचे पेय होते. गाळलेली दारू मात्र मोहाची असे, आणि मोहाची झाडे किनवट-माहूरच्या जंगलात होती. शिंदी झाडावरून उतरली की त्याच दिवशी प्यायची. तिला भट्टीची गरज नसते आणि ती टिकतही नाही. जहाल आणि सौम्य हा भेद खऱ्या अर्थाने गाळलेल्या दारूलाच लागू होतो.

मद्यपानाचे जुने संदर्भ या भागाच्या अगदी जवळचे आहेत. निलंग्याच्या दक्षिणेला, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या इतर करमणुकींबरोबर मद्यपानाच्या बैठकीचेही वर्णन आहे. मात्र त्यावरून गाळण्याच्या कौशल्याविषयी काही ठरवता येत नाही. गाळण्याचे तपशीलवार वर्णन मिळते ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त. उसाच्या दारूविषयी लिहिताना त्याने तीन प्रकारच्या भट्ट्या सांगितल्या आहेत. पहिलीत भांड्याच्या आतच एक वाटी ठेवतात, वर उलटे झाकण मातीने लिंपतात आणि झाकणावर गार पाणी ओततात. वाफ झाकणाला लागून वाटीत टपकते. दुसरीत मडक्याला दोन नळ्या जोडून त्यांची तोंडे पाण्यात ठेवलेल्या घागरींत सोडतात. तिसरीत झाकणाखाली पोकळ दांड्याचा मोठा चमचा बसवून टपकलेले मद्य नळीने बाहेर काढतात. याच उताऱ्यात तो सांगतो की काही जण दारू दोनदा गाळतात आणि ती फार तेज असते. त्या दारूने हात ओले करून आगीजवळ धरले तर रंगीबेरंगी ज्वाळा उठतात, पण हात भाजत नाही. म्हणजे दोन विस्तवांची, दोनदा गाळलेली दारू ही तेव्हाच वेगळी जात म्हणून ओळखली जात होती.

मोहाची भट्टी याच घराण्यातली. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचून वाळवली की त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखर असतो, त्यामुळे आंबवायला वेगळा गूळ लागत नाही. वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबू देतात. हे आंबवण भांड्यात घालून चुलीवर चढवतात, वर दुसरे भांडे पालथे घालून सांधे मातीने किंवा पिठाने लिंपतात आणि नळी किंवा बांबूच्या पोकळीतून वाफ बाहेर काढून गार पाण्याने निववतात. आदिलाबाद-किनवटच्या गोंड समाजात ही दारू देवाला, पाहुण्याला आणि मयतालाही लागते. १९४० च्या दशकात त्या भागात राहून अभ्यास केलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या लेखनात या समाजाच्या जीवनाचे सविस्तर चित्र आहे. घरच्या कार्यासाठी गाळणाऱ्याला विक्रीची घाई नसते. धार किती वेळ घ्यायची, कुठे थांबायचे, हे तो चाखून आणि हुंगून ठरवतो.

हा निर्णय दिसतो तितका साधा नाही. आंबवण तापू लागले की आधी हलके पदार्थ वर येतात. अॅसिटाल्डिहाइड २० अंश सेल्सिअसला उकळते, एथिल अॅसिटेट ७७ अंशांना आणि खुद्द मद्यार्क ७८ अंशांच्या थोडे वर. त्यामुळे सुरुवातीच्या धारेला नाकात झोंबणारा, नखाच्या रंगाच्या द्रावासारखा वास येतो. मग मधली धार येते. ती स्वच्छ असते. शेवटी मद्यार्क कमी होत जातो तसे जड तेलकट मद्यार्क, म्हणजे फ्यूजेल तेल, आणि आंबट आम्ले उतरू लागतात. त्यांतल्या आयसोअमिल अल्कोहोलचा उत्कलनबिंदू १३१ अंश आहे, तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते त्याच्या आधीच येऊ लागते. घशाला लागणारी जळजळ, ओल्या घोंगडीसारखा वास आणि दुसऱ्या दिवशीचे डोके जड होणे यांत या दोन टोकांचाही वाटा असतो. चांगला भट्टीवाला पहिली धार बाजूला काढतो, मधली घेतो आणि शेवटची पुढच्या घाण्यात परत टाकतो. दुसऱ्यांदा गाळताना हे तीन भाग अधिक ठळकपणे वेगळे होतात. दोनदा गाळलेली दारू तेज असूनही पाणी घातल्यावर सौम्य लागते ती याच कारणाने.

लोकांची आवड मात्र उलटी घडली. मराठीत ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, जोरदार असा अर्थ रूढ आहे, आणि विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. विक्रेता पाणी घालणार हे गृहीत असेल तर पहिली धार म्हणजे पाणी न घातलेली दारू. जोर हाच शुद्धतेचा पुरावा मानला गेला. काडी पेटवून दारू जळते का ते पाहायचे, बाटली हलवून फेसाचे मोती किती वेळ टिकतात ते पाहायचे, या सगळ्या परीक्षा जोराच्याच आहेत. त्यांतून जहालपणा मोजता येतो, सौम्यपणा येत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिली धार टाकली की दारू विषारी राहत नाही, असे अनेकदा सांगितले जाते. मिथेनॉलचा उत्कलनबिंदू सुमारे ६५ अंश असला तरी पाणी-मद्यार्काच्या मिश्रणात ते पूर्ण धारभर थोडेथोडे येत राहते. ते केवळ सुरुवातीला निघून जात नाही. आणि महाराष्ट्रात विषारी दारूने जे मोठ्या संख्येने मृत्यू झाले, १९९१ च्या अखेरीस मुंबईच्या विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालवणीत, त्यांचे कारण भट्टीतली चूक हे नव्हते. कारखान्यासाठीचे मिथेनॉल पिण्याची दारू म्हणून विकले गेले होते. मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली. कितीही कुशल भट्टीवाला असला तरी अशी भेसळ चवीवरून ओळखता येत नाही.

भांड्याच्या धातूचा प्रश्न मराठी घरांना वेगळ्या रूपाने परिचित आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते, म्हणून त्यांना कल्हई करतात. आंबवणही आंबट असते, त्यामुळे स्वयंपाकाच्या दृष्टीने उघडे तांबे वर्ज्यच. पण वाफेच्या वाटेवर उघडे तांबेच हवे असते. आंबवताना तयार झालेली गंधकयुक्त, कुजक्या कोबीच्या वासाची द्रव्ये तांब्याला धरून राहतात आणि धारेत कमी उतरतात. स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या भट्ट्या आजही तांब्याच्या आहेत आणि गोव्यात फेणी गाळण्याचे भांडे, म्हणजे भाणही तांब्याचे, ते यामुळेच. मराठवाड्यातील चोरट्या भट्टीत तांबे टिकले नाही. धाड पडली की भांडे जप्त होते किंवा फोडले जाते, तेव्हा पत्र्याचा पिंप आणि जर्मनचे पातेले यांपलीकडे कोणी खर्च करीत नाही. दारूचा दर्जा घसरण्याचे हे एक साधे, पण क्वचितच नोंदवले जाणारे कारण आहे.

आता कराकडे वळता येईल. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आल्यावर गावोगावच्या भट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीखालच्या मोजक्या ठिकाणी गाळण्याचे धोरण पक्के झाले. मुंबईजवळचे उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते आणि तेथील भट्ट्या मुख्यतः पारशी मालकांच्या हाती होत्या. १८९२ च्या मोहा कायद्याने तर ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले, कारण फुले घरात असली की भट्टी दूर नसते हे सरकारने ओळखले होते. एकदा गाळलेली ती राशी आणि दोनदा गाळलेली ती बेवडा, ही नावे त्या काळच्या इंग्रजी नोंदींतही सापडतात. दुकानात येणारी दारू साईक्सच्या तरंगमापीने मोजून ठरावीक जोराचीच द्यायची असा नियम होता. ब्रिटिश ‘प्रूफ’ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. मुंबई इलाख्यात एक दारू प्रूफच्या २५ अंश खाली आणि दुसरी ६० अंश खाली विकली जाई. टक्केवारीत सांगायचे तर ४२.८ आणि २२.८. आज महाराष्ट्रातल्या व्हिस्कीच्या बाटलीवर आणि देशी दारूच्या बाटलीवरही दिसणारा ४२.८ हा आकडा तिथून आलेला आहे. तो चवीवरून ठरलेला नाही. कर मोजण्यासाठी पाडलेली ती एक खूण आहे. शिवाय कर जोरावर होता. त्यामुळे दोनदा गाळा, तांब्यात गाळा की वर्षभर ठेवा, आकारणीत काही फरक पडत नसे. कौशल्याला त्या हिशेबात जागाच नव्हती.

हैदराबाद संस्थानात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. आबकारी हे निजाम सरकारच्या उत्पन्नाच्या मोठ्या बाबींपैकी एक होते. शिंदी आणि मोहाची दारू काढण्याचे व विकण्याचे हक्क लिलावाने दिले जात. घेणारा तो गुत्तेदार. हा शब्द मराठवाड्यात आजही कोणत्याही ठेकेदाराला लावतात. गुत्तेदाराच्या हाताखाली परंपरेने हा धंदा करणारे कलाल काम करीत. गुत्ता घेतलेल्या रकमेची वसुली मुदतीतच करायची असल्यामुळे माल जितका जास्त आणि जितका लवकर निघेल तितके चांगले. अशा माणसाने धारेचे पहिले आणि शेवटचे भाग टाकून द्यावेत किंवा दारू मुरत ठेवावी, ही अपेक्षाच चुकीची ठरली असती. पुढे संस्थानातही भट्टी एका जागी आणण्याकडे कल झाला आणि हैदराबादच्या नारायणगुडा येथील मोठी डिस्टिलरी हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. घरगुती गाळप गुन्हा ठरल्याने किनवटच्या जंगलात ते लपून होऊ लागले. लपून गाळणारा नेहमी घाईत असतो, आणि घाई हीच जहाल दारूची मूळ पाककृती आहे.

याच काळात व्हिस्की या भागात आली ती छावण्यांबरोबर. हैदराबाद कंटिंजंटच्या फौजा हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि औरंगाबाद येथे होत्या. तेथील गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी येणारी विलायती दारू आणि गावच्या गुत्त्यावरची दारू यांच्यातला फरक गरीब-श्रीमंत, राज्यकर्ता-रयत असा वाचला गेला. विलायती दारू सौम्य असते ती लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरल्यामुळे, हे कारण लोकांसमोर येण्याचा प्रसंगच नव्हता. ग्रामीण मराठवाड्यात अशा दारूला आजही ‘इंग्लिश’ म्हणतात.

आबकारीविषयीचा रोष राजकीय लढ्यातही उतरला. १९४७-४८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या आंदोलनात लेव्ही न देणे, करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी उठवणे यांबरोबरच शिंदीची झाडे तोडणे हाही कार्यक्रम होता. झाड तोडले की निजामाचा महसूल तुटतो आणि व्यसनालाही आळा बसतो, असा त्यात दुहेरी हेतू होता. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत ही झाडतोड वारंवार येते. ओढ्याकाठची शिंदी विरळ होण्यास ही तोड हेही एक कारण झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा होता आणि १९५९ मध्ये तो विस्तारित राज्यभर लागू झाला. हातभट्टीचा खरा काळ इथून सुरू होतो. मोहाची फुले मिळणे अवघड झाले, तेव्हा काळा गूळ आला. आंबवण लवकर फसफसावे म्हणून त्यात नवसागर पडू लागला. पोलिसांच्या नोंदींत या आंबवणाला ‘रसायन’ म्हणतात आणि शेकडो लिटर रसायन ओतून दिल्याच्या बातम्या लातूर-नांदेडच्या वर्तमानपत्रांत आजही येतात. तेलंगणाच्या सरहद्दीपलीकडे गुळाची हीच दारू गुडुंबा नावाने ओळखली जाते. एकदाच गाळायचे, सगळी धार घ्यायची, रबरी ट्यूबांत भरून रातोरात पोचवायची, अशी ही पद्धत. वास झाकायला आंबवणात संत्र्याची-मोसंबीची साले किंवा बडीशेप टाकण्याची युक्ती मुंबईच्या हातभट्टीत रूढ होती आणि पुढे अधिकृत देशी दारूलाही संत्रा-मोसंबीचा स्वाद देण्याची प्रथा पडली. सौम्य करणे आणि झाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या काळात पहिलीची जागा दुसरीने घेतली.

साठच्या दशकात दारूबंदी सैल होत गेली आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनी परवानाधारक देशी दारूची दुकाने गावोगावी आली. तिला लागणारा मद्यार्क मोहाचा नव्हता. तो साखर कारखान्यांच्या मळीचा होता. एक टन मळीपासून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क निघतो, आणि मराठवाड्यात मांजरा-गोदावरीच्या काठी साखर कारखाने वाढले तशी मळीही वाढली. मळीचा मद्यार्क उंच स्तंभांच्या यंत्रांत गाळतात. स्तंभात वाफ आणि द्रव यांची गाठ पायरीपायरीने पडत राहते. जणू एकाच वेळी अनेकदा गाळले जाते. हलकी द्रव्ये वरून आणि फ्यूजेल तेल मधल्या पायरीवरून अखंड काढून घेतले जाते. अखेरीस ९६ टक्क्यांच्या आसपासचा, जवळजवळ वास नसलेला न्यूट्रल स्पिरिट मिळतो. भट्टीवाला जिभेने जे करी ते येथे यंत्र करते, आणि फार अचूक करते. मात्र वाईटाबरोबर चांगलेही जाते. मोहाचा, धान्याचा, फळाचा माग त्यात उरत नाही. त्यात पाणी घालून ४२.८ वर आणले की देशी दारू. थोडा माल्ट स्पिरिट, रंगासाठी कॅरॅमल आणि अर्क घातला की भारतीय व्हिस्की. युरोपीय संघाच्या नियमांत मळीच्या मद्यार्काची दारू व्हिस्की म्हणून विकता येत नाही, कारण तेथे व्हिस्की धान्याचीच हवी.

नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यातील बाळापूर येथे १९९० च्या दशकात उभी राहिलेली पायोनियर डिस्टिलरीज ही याच स्तंभयुगातली संस्था. पुढे ती युनायटेड स्पिरिट्सच्या ताब्यात गेली आणि देशातल्या मोठ्या व्हिस्की ब्रँडांसाठी लागणारा मद्यार्क तेथे तयार होऊ लागला. म्हणजे मराठवाड्याचा मद्यार्क देशभरच्या बाटल्यांत गेला. मराठवाड्याच्या नावाची चव मात्र कोणत्याच बाटलीत तयार झाली नाही.

ती तयार होण्याची एक संधी ज्वारीच्या रूपाने आली होती. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क तयार करण्याच्या कारखान्यांना अनुदानाची योजना जाहीर केली. खरिपातली संकरित ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते आणि बाजारात कोणी घेत नाही. तिला भाव मिळावा, हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता. समाजसेवक डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी माणसाच्या अन्नाची दारू करण्याला आणि त्यासाठी सरकारी पैसा देण्याला तीव्र विरोध केला. दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या यांनी वेढलेल्या प्रदेशात तो विरोध न्याय्यच होता. पण चवीच्या इतिहासाच्या दृष्टीने वेगळी गोष्ट ध्यानात येते. ज्वारी ही दारूसाठी कमअस्सल धान्य नाही. चीनच्या माओताय आणि काओल्यांग या मानाच्या दारू ज्वारीच्याच, आणि मातीच्या हंड्यांत वर्षानुवर्षे मुरवलेल्या असतात. इथल्या योजनेत मात्र एक टन धान्यातून साधारण चारशे लिटर मद्यार्क काढणे एवढेच उद्दिष्ट होते. तो स्तंभात गाळून वास-चव काढून टाकायची, म्हणजे ज्वारी असो की मका, फरक उरणार नव्हता. शाळू, मालदांडी आणि काळी पडलेली संकरित ज्वारी यांची दारू वेगवेगळी लागेल का, हा प्रश्न त्या योजनेला पडलाच नाही. दरम्यान लातूरच्या शेतांत ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली.

छोट्या भट्टीचे कौशल्य कायद्याच्या सावलीत टिकले तर काय होते, हे गोव्यात पाहता येते. काजूच्या हंगामात बोंडे तुडवून रस काढतात, तो आपोआप आंबतो आणि तांब्याच्या भाणात गाळला जातो. पहिले गाळप म्हणजे सुमारे १५ टक्क्यांचे हुर्राक. ते ताजे पिऊन संपवायचे. हुर्राक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा गाळला की काजूची फेणी. हंगामी परवाना घेऊन भट्टी उघडपणे चालवता येते, त्यामुळे भट्टीकाराला तांब्यात पैसे घालवता आले, दुसरा विस्तव परवडला आणि धार कुठे तोडायची याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे गेले. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. सीमेच्या अलीकडे, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात, त्याच काजूची बोंडे आहेत. पण तेथील बरीच बोंडे गोव्यात विकली जातात किंवा बागेत कुजतात.

तिसरी गोष्ट, म्हणजे मुरवणे, दक्षिण भारतात उशिरा साधली. बंगळूरची अमृत डिस्टिलरीज जे. एन. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये स्थापन केली; नीळकंठ राव जगदाळे यांच्या काळात, २००४ मध्ये, तिची सिंगल माल्ट व्हिस्की ग्लासगोत सादर झाली. ओकच्या पिंपात लाकडातून व्हॅनिलासारखी गोडसर द्रव्ये उतरतात, कोळपलेल्या आतल्या थरात गंधकाचे वास अडकतात, आणि लाकडाच्या छिद्रांतून येणाऱ्या हवेने झोंबरेपणा ओसरतो. उष्ण हवेत हे सारे लवकर घडते, पण दारू उडूनही लवकर जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे २ टक्के उडते, बंगळूरमध्ये १० ते १२. २०० लिटरच्या पिंपात चार वर्षांनी स्कॉटलंडमध्ये सुमारे १८४ लिटर उरतील. बंगळूरमध्ये १२० ते १३१. लातूरचा एप्रिल-मे त्याहून कोरडा आणि तापट आहे. कोरड्या हवेत पाणी अधिक उडून उरलेल्या दारूचा जोर वाढतो, दमट हवेत उलट. म्हणून गोव्यात कुंकळ्ळीजवळ मुरलेली पॉल जॉन व्हिस्की आणि पठारावर मुरलेली व्हिस्की एकाच मापाने जोखता येणार नाही.

महाराष्ट्रात अलीकडे काही सुरुवात झाली आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीत माल्ट व्हिस्की गाळून मुरवली जाते. २०२१ मध्ये राज्याने मोहफुले गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध सैल केले, आणि डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ मध्ये मोहाची दारू उंची पेय म्हणून बाजारात आणली. या सगळ्यात किनवटचा मोह अजून नाही.

मराठवाड्यात या मार्गात दोन खऱ्या अडचणी आहेत आणि त्या टाळून चालणार नाही. पहिली पाण्याची. दोनदा गाळायचे म्हणजे वाफ निववायला पुन्हा पाणी, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला. दुसरी अडचण समाजाची. गुत्ता, हातभट्टी आणि देशीचे दुकान या तिन्हींनी घरे उद्ध्वस्त केलेली बायकांनी पाहिली आहेत. ‘आडवी बाटली’च्या मतदानाने दुकाने बंद करणाऱ्या गावांचा राग एखाद्या प्रकारच्या दारूवर नसतो, दारूवरच असतो. सौम्य दारू कमी व्यसन लावते असा कोणताही पुरावा नाही. मद्यार्क तोच असतो आणि यकृताला धार कोणती हे कळत नाही. हा इतिहास म्हणूनच दारूच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिण्याचा विषय नाही. एका कारागिरीला करपद्धतीने कसे घडवले आणि कसे मोडले, याची ती नोंद आहे.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित दारूचा नवा वर्ग मंजूर केला आणि १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ठरवली: देशी ८० रुपये, नवा वर्ग १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५, उंची विदेशी ३६०. हे वर्ग कच्चा माल, उत्पादक कोठला आणि किंमत यांवर पडतात. दारू किती वेळा गाळली, कशात गाळली आणि किती वर्षे ठेवली, हे त्या वर्गवारीत कोठेही विचारलेले नाही.